चिठ्ठी आणि अंगारा

मिरजेत दवाखान्याच्या गेटसमोर माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव, 1894 साली डॉक्टर वानलेसनी इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून जत, सांगोला, अथणी, चिकोडी, पार विजापूरकडची माणसं पेशंट घेऊन इथं येतात. त्यामुळे काउंटरवर दिवसभर अर्धं मराठी अर्धं कन्नड चालू असतं आणि रात्री अडीचलाही कुणीतरी शटर वाजवतं. तर या बावीस वर्षांत एक गोष्ट मी रोज बघत आलोय आणि ती कधीतरी नीट लिहायची होती.

माणूस खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढतो ना, तेव्हा तिच्यासोबत अजून एक बारीक घडीची पुडी बाहेर येते. कुणाच्या पुडीत जोतिबाचा गुलाल, कुणाच्या यल्लम्माचा भंडारा, कुणाकडे गावातल्या म्हसोबाचा अंगारा, कुणाच्या मनगटाला मीरासाहेबांच्या दर्ग्यातला दोरा, आणि दर्ग्यात जाणारे निम्मे लोक हिंदू असतात हे मिरजकरांना सांगायला नको. पुडी बाहेर आली की माणूस ती गडबडीनं आत सरकवतो, जरा ओशाळून. समोर शिकलेला माणूस उभा आहे, हा काय म्हणेल, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांत असतं. सुरुवातीची काही वर्षं मी पण मनातल्या मनात म्हणायचो, कशाला हे, इंजेक्शन चौदाशेचं घेतोयस आणि विश्वास राखेवर.

पण हळूहळू लक्षात आलं की ही पुडी सगळ्यांकडे नसते. सर्दी, खोकला, जुलाब, खरूज, असल्या चिठ्ठीसोबत अंगारा मी आजवर पाहिलेला नाही. शुगरच्या गोळ्या महिन्याला नेणारा माणूस पण पुडी घेऊन येत नाही, त्याला माहितीये गोळी घेतली की शुगर कंट्रोलमधे राहते. पुडी येते ती आयसीयूच्या चिठ्ठीसोबत, कॅन्सरच्या चिठ्ठीसोबत, अडल्या बाळंतिणीच्या आणि साप चावलेल्याच्या चिठ्ठीसोबत. जिथं डॉक्टर स्वतः सांगतात की चोवीस तास गेल्याशिवाय काही बोलता येणार नाही, तिथं पुडी येते.

नंतर कधीतरी मॅलिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाबद्दल वाचलं आणि मी उडालोच. हा माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला होता. त्यानं काय बघितलं, तर तिथले कोळी खाडीसारख्या शांत, उथळ पाण्यात मासे धरायला जातात तेव्हा मंत्र-तंत्र काही करत नाहीत, सरळ जातात, मासे धरतात, येतात. पण तीच माणसं खुल्या समुद्रात जायला निघाली की सगळा जादूटोणा, विधी, मंत्र यथासांग. तीच माणसं, तेवढीच हुशार, होडी आणि समुद्र त्यांच्याएवढा कुणाला कळत नाही. मग फरक कशाचा, तर हातात काय आहे आणि काय नाही याचा. माझ्या काउंटरवर पण हेच चाललंय, सर्दी म्हणजे खाडी आणि आयसीयू म्हणजे खुला समुद्र.

मी स्वतः देव मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. 1993 पासून मानत नाही.

त्या वर्षी मी सतरा वर्षांचा होतो, आमच्या मंडळाचा गणपती 29 सप्टेंबरला विसर्जन झाला, घसा बसेपर्यंत ओरडलो, पहाटे घरी येऊन पडलो. मराठवाड्यातही त्या रात्री लोक विसर्जन करून दमून झोपले होते. 30 तारखेला पहाटे चारला चारेक मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आठ-दहा हजार माणसं गेली. आमच्या मंडळाची वर्गणी उरलेली होती तिच्यातून चादरी घेतल्या, ट्रक केला, आणि मी हट्टानं त्या ट्रकमधून गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, त्या बाजूची सगळी गावं तेव्हा सारखीच दिसत होती.

तिथं पत्र्याच्या शेडपाशी एक म्हातारे बसलेले होते. त्यांच्या घरातले पाच गेलेले. ढिगाऱ्यातून त्यांनी देवाचे टाक शोधून काढले होते, चांदीचे, बोटभर, एक पार वाकलेला. टँकरचं पाणी तेव्हा माणशी मोजून मिळत होतं आणि त्यातलं तांब्याभर पाणी घेऊन ते ते टाक धूत होते. अंगठ्यानं चोळत चोळत, एकेक. मी चादर पुढे केली तर म्हणाले, ठेव बाळा तिथं, माझे हात ओले आहेत.

परतीच्या ट्रकमधे मी रात्रभर जागा होतो आणि मनात एकच, की ज्याला कालपर्यंत मोरया म्हणून नाचवलं त्यानं हे होऊ दिलं असेल तर तो नकोच मला, आणि त्याच्या हातात नसेल तर मग तो आहे तरी कशाला. त्या रात्री माझा देव गेला. कुठलंही पुस्तक वाचून गेला नाही. चार्वाक, आगरकर, दाभोलकर हे सगळं मी नंतर वाचलं, मुद्दे नंतर गोळा केले, वाद घालायला नंतर शिकलो. आधी राग आला आणि विचार त्याच्या मागून आले, हे मला कबूल करायला फार वर्षं लागली, कारण आपण नास्तिक लोक स्वतःला असं समजतो की आम्ही विचार करून इथं पोचलोय आणि बाकीचे संस्कारामुळे तिथं आहेत.

पण मला खरा छळणारा प्रश्न वेगळाच आहे. एकच भूकंप. मी चादरी वाटायला गेलो, माझं घर शाबूत, आई-बाप शाबूत, आणि माझा देव गेला. त्या म्हाताऱ्यांचे पाच गेले आणि ते टाक धूत बसले. असं कसं?

न्यूझीलंडमधे क्राइस्टचर्चला फेब्रुवारी 2011 मधे भूकंप झाला, 185 माणसं गेली. तिथं एक मोठा सर्व्हे योगायोगानं आधीपासून चालू होता, त्याच त्याच माणसांना दरवर्षी प्रश्न विचारायचे, त्यामुळे भूकंपाच्या आधी काय आणि नंतर काय हे बघता आलं. न्यूझीलंडमधे तसा धर्म वर्षानुवर्षं ओसरत चाललाय, बाकी देशात तो त्या काळातही ओसरला, पण भूकंपाचा फटका ज्यांना बसला त्यांच्यात धार्मिक लोकांचं प्रमाण वाढलं. हे वाचलं तेव्हा ते ओले हात परत डोळ्यांसमोर आले. मला वाटतं दुःख लांबून बघणाऱ्याला प्रश्न पडतो, ‘असं का झालं, याचा जाब कोण देणार?’ आणि दुःखाच्या आत बसलेल्याला तो प्रश्न परवडत नाही, त्याला आज संध्याकाळ कशी काढायची हे बघायचं असतं. टाक धुणं हे त्या संध्याकाळी त्यांच्या हातात होतं, बाकी काहीच हातात राहिलेलं नव्हतं. सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणत नाही, आतून देव गेलेली माणसं पण मी काउंटरवर पाहिलीत, पोर गेल्यावर गळ्यातली माळ काढून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकून गेलेला बाप मी पाहिलाय. तरीपण जास्त करून जे बघतो ते हेच.

आणि आतून काय होतं ते मला 2019 मधे कळलं. माझ्या मुलाला डेंगू झाला. प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या, नाकातून रक्त. मी औषधवाला माणूस, मला सगळं कळत होतं, प्लेटलेट आपोआप वर येतात, सलाईन नीट चालू आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत. मी नवस बोललो नाही, देवळात गेलो नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट थोडा बरा आला, बावीस हजार, आणि त्या दिवशी मी गाडी दवाखान्याच्या मागच्या बाजूला कडुलिंबाखाली लावली होती. तिसऱ्या दिवशी तिथं दुसऱ्याची गाडी होती. पुढे भरपूर जागा रिकामी. मी काय केलं तर गाडी चालू ठेवून तिथंच थांबलो, वीस मिनिटं, तो माणूस येऊन गाडी काढेपर्यंत, मग त्याच जागेवर लावली आणि वर गेलो. बायको वरती एकटी, पोरगं तापलेलं, आणि मी खाली कडुलिंबाखालची जागा धरून. सहा दिवस मी हे केलं आणि कुणालाही सांगितलं नाही, बायकोला सुद्धा नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

1948 साली स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं भुकेल्या कबुतरांवर एक प्रयोग केला होता. पेटीत कबूतर, आणि ठरावीक सेकंदांनी दाणे येणार, कबुतरानं काहीही केलं तरी येणार. थोड्या वेळानं बघतो तर एक कबूतर स्वतःभोवती गिरक्या घेतंय, एक कोपऱ्यात डोकं खुपसतंय, एक मान लोलकासारखी हलवतंय. दाणे आले त्या क्षणी आपण जे करत होतो त्यानंच दाणे आले असं त्यांना ‘वाटलं’, असा स्किनरचा अर्थ. पुढं इतरांनी त्या अर्थावर शंका पण काढल्या, ते असो, पण मी ते वाचलं तेव्हा मला कडुलिंब आठवला आणि पोटात कसंतरी झालं. माझ्या डोक्यात देव नव्हता, तरी जागा रिकामी राहिली नाही. म्हणजे देव काढून टाकला की त्याच्यामागचं मन बदलतं असं नाही, ते तसंच असतं, घाबरलं की काहीतरी धरतं. नास्तिक मित्रांना मला एवढंच सांगायचंय, की पुडीवाल्या माणसाकडं बघताना तो आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर उभा आहे असं समजू नका. तो आज समुद्रात आहे आणि आपण आज खाडीत, एवढंच.

आता आईबद्दल.

1995 ला 21 सप्टेंबरला गणपती दूध प्यायले होते ते आठवत असेल, देशभर, एका दिवसात, देवळांसमोर रांगा. आई पण वाटी घेऊन गेली आणि डोळ्यांत पाणी घेऊन आली. मी एकोणीस वर्षांचा, फार्मसीला, नुकताच देव सोडलेला. मी चमचाभर दूध घेऊन स्वयंपाकघरातल्या वरवंट्याला लावलं आणि तिच्यासमोर वरवंट्याला दूध पाजून दाखवलं. पृष्ठताण, केशाकर्षण, सगळं समजावून सांगितलं, दूध दगडावरून पातळ ओघळतं आणि दिसत नाही ते ओला हात फिरवून दाखवलं. माझं सगळं बरोबर होतं. आजही बरोबरच आहे. आई ऐकून घेऊन म्हणाली, "अरे दूध कुठं जातं ते मला नाही कळलं तरी चालेल. आज पहिल्यांदा त्यानं माझ्या हातचं घेतलं असं वाटलं होतं." आणि वाटी धुवायला गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं तिनं माझ्यासमोर देवाचा विषय काढला नाही. मी समजत होतो मी जिंकलो. खरं तर तिच्या मनातल्या एका खोलीला तिनं माझ्यापुरती कडी लावून घेतली होती, आणि ती कडी लावायला मी लावलं होतं.

2016 ला बाबा गेले. चार-पाच महिन्यांनी एकदा जेवताना आई अचानक म्हणाली, सकाळी पावणेसहाला बाबांच्या चपलांचा आवाज येतो, फिरायला जायचे ना तसा. आणि लगेच माझ्याकडं बघून म्हणाली, तुला खोटं वाटेल. मी एवढा मोठा घोडा, पण माझ्या घशात आवंढा आला, कारण ती मला घाबरून बोलत होती. मी म्हटलं, खोटं नाही वाटत, खूप जणांना येतो. आणि ते खरंच आहे. वेल्समधे रीस नावाच्या एका डॉक्टरनं जोडीदार गेलेल्या 293 लोकांशी बोलून 1971 मधे लिहिलंय, जवळजवळ निम्म्यांना गेलेलं माणूस आसपास असल्याचं जाणवलं होतं, काहींना दिसलं, काहींना आवाज आला. वेडी माणसं नव्हती ती, साधी खेड्यातली माणसं. बहुतेकांना त्याचा आधारच वाटला होता, आणि बहुतेकांनी हे तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, लोक हसतील म्हणून. आईला हे सांगितलं तर ती किती वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "म्हणजे तिकडं पण ऐकू येतंय होय."

त्या दिवसापासून कडी निघाली. मग मी तिला विचारलं, खरंच कळून घ्यायला विचारलं, की तू देवाकडं मागतेस काय रोज? तर ती म्हणाली, "मागत नाही रे. सांगते." दिवसभरात काय झालं, कुणाचं दुखतंय, कुणाची सून बोलली नाही, गॅस संपत आलाय, सगळं ती दिवा लावताना बाळकृष्णाला सांगते. तान्या लुहरमन नावाच्या अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिकडच्या चर्चमधल्या लोकांमधे वर्षानुवर्षं राहून अभ्यास केलाय, तिथं काही जण सकाळी देवासाठी कॉफीचा दुसरा कप भरून ठेवतात आणि त्याच्याशी बोलत बसतात. लुहरमनबाईंचं म्हणणं असं की देव मनाला जाणवणं हे सरावानं येतं, गळा तयार व्हावा तसं, बसून, रोज, वर्षानुवर्षं. म्हणजे जे आईचं आहे ते आधी पटलं आणि मग तिनं पूजा केली असं नाही, पूजा करत करत तिच्या मनात कुणीतरी ऐकणारा तयार झालाय. तो बाहेर खरंच आहे का, तर मी अजूनही नाहीच म्हणेन. पण तिला रोज कुणीतरी पूर्ण ऐकून घेतं हे मात्र खरं आहे, आणि तेवढं मी तिचा मुलगा असून करत नव्हतो.

आस्तिक मित्रांनाही मग एक सांगायचंय. नास्तिक माणूस उद्धट असतो, त्याला कुणाची भीती नसते, म्हणून तो काहीही करू शकतो, हे मी फार ऐकलंय. नरेंद्र दाभोलकरांना लोक देवाचे शत्रू म्हणत राहिले. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं म्हणणं साधं होतं, देवाधर्माच्या नावावर लुबाडणूक नको. ते डॉक्टर होते, साताऱ्यात व्यसनमुक्तीचं काम उभं केलं, आणि 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला गेलेले असताना पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं खपले तो त्याच वर्षी डिसेंबरात झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्र-तंत्र करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. मला सांगा यात देव कुठं दुखावतो?

कारण घाबरलेल्या मनाला काहीतरी धरायला लागतं हे जसं मला कळलं तसं ते धंदा करणाऱ्यालाही कळलेलं असतं, आणि आपल्यापेक्षा आधी. जत भागातली एक बाई आहे, तिची अकरा वर्षांची मुलगी, आकडी येते. गोळ्या चालू होत्या, आठ महिने काही नव्हतं. कुणीतरी सांगितलं म्हणून एका बाबाकडं नेलं, त्यानं सात हजार घेतले, कोंबडं घेतलं आणि सांगितलं की गोळ्यांनी देवी ‘बांधली’ जाते, गोळ्या बंद कर. आकडीच्या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात, एकदम तोडल्या तर आकडी थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते, जीव जाऊ शकतो. नवव्या दिवशी तसंच झालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पोरगीला रात्री इथं आणलं, मुठीत कांदा धरलेला, हुंगवायला. पोरगी वाचली. ती बाई माझ्या काउंटरला धरून उभी होती आणि बोलत नव्हती. आजार देवाकडून आला नाही हे ग्रीक वैद्यांनी आकडीबद्दलच अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, पण मला तिला ते सांगावंसं वाटलं नाही. मला त्या बाबाचा संताप आला होता, आजही आहे, आणि तो मी गिळणार नाही.

अजून एक वाटतं. डेन्मार्क, स्वीडनसारख्या देशांत रोजच्या जगण्यातून देव बराचसा मागं पडलाय, आणि तिथं आजारी पडलं तर घर विकावं लागत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकीशी संबंध आहे असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे, सगळ्यांना ते मान्य नसेल, पण काउंटरच्या या बाजूनं बघताना मला ते पटतं. ज्या माणसाला उद्याचं डिपॉझिट कुठून आणायचं माहीत नाही त्याला विवेक शिकवायला जाण्याआधी त्याच्या तालुक्याला एक धड सरकारी दवाखाना द्या, मेंदूच्या डॉक्टरसकट.

तर त्या मुलीचं. दवाखान्यातून सोडलं तेव्हा गोळ्या परत सुरू झाल्या, पण मला खात्री नव्हती. घरी आईला सगळं सांगितलं, माझा आवाज चढलेला होता. आई शेंगा सोलत होती, तिनं विचारलं, "गोळी किती वेळा?" म्हटलं सकाळ-संध्याकाळ, रोज एकाच वेळेला. म्हणाली, "मग तिला सांग, पट्टी देव्हाऱ्यात ठेव म्हणावं. सकाळी उदबत्ती झाली की एक, दिवा लावला की एक. देवापुढची वस्तू कुणी बंद करत नाही."

मला जड गेलं. तीस वर्षं ज्याच्या विरुद्ध बोलतोय त्याच्याच पुढं औषध ठेवायला सांगायचं? दोन दिवस विचार केला. शेवटी ती बाई गोळ्या न्यायला आली तेव्हा सांगितलं, तसंच, आईच्या शब्दांत, फक्त एवढं घातलं की दिव्यापासून हातभर लांब ठेव, गोळ्यांना आच लागू देऊ नको. अंगारा लावायचा तर लाव, गोळी चुकवायची नाही. तिनं मान हलवली आणि पुडी पहिल्यांदाच न लपवता चिठ्ठीसोबत काउंटरवर ठेवली.

त्याला आता दोन वर्षं होतील. मुलीला आकडी आलेली नाही, डॉक्टर म्हणालेत अजून बघू आणि मग हळूहळू डोस कमी करू. परवा ती बाई आली होती, गोळीचं नाव चुकू नये म्हणून रिकामी पट्टी दाखवायला आणली होती, पट्टीवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. मी दोन महिन्यांच्या दिल्या.